फक्कीची भिंत

"पण सही करायला अडचण काय आहे, बाबा?"

जोएलनं तिसऱ्यांदा विचारलं.

नथनेलबाबा लिंबाखाली खाटेवर बसले होते. पुढ्यात नकाशा पसरलेला. वाऱ्यानं उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले होते.

"मला हे दिसत नाही," बाबा म्हणाले.

"चष्मा आणू का?"

"चष्मा डोळ्यांवरच आहे."

बाबा आमच्या मंडळीचे जुने पाळक. आता थकलेत, पण त्यांच्या शब्दाबाहेर वस्तीत कुणी जात नाही. आणि जोएल त्रिभुवन त्यांच्याच रविवारच्या शाळेत शिकलेला. आता पुण्यात इंजिनीयर आहे. आमच्या नव्या चर्चचा नकाशा त्यानं केला, तेही एक पैसा न घेता. त्याच्या हातचं हे पहिलंच चर्च.

परवानग्या आल्या होत्या. वरच्या कमिटीनंही नकाशा पास केला होता. आता फक्त बाबांची सही राहिली होती. बाबांच्या सहीशिवाय पाया खणायचा नाही, असं मंडळीनंच ठरवलेलं.

सोमवारी खोदाईचं मशीन येणार होतं. तोवर सही झाली नाही तर सायमन मिस्त्री आपली माणसं घेऊन दुसऱ्या कामावर जाणार, आणि आम्ही आणखी एक वर्ष त्या पत्र्याच्या शेडमध्ये बसणार. उन्हाळ्यात त्या शेडमध्ये लेकरांच्या अंगावर घामोळं उठतं. मला तर त्याचाच घोर लागलेला.

जोएलनं नकाशावर बोट ठेवलं.

"ही पूर्वेची भिंत, बाबा. तिच्यात ही खिडकी. आठ फुटांची. रंगीत काचेचा क्रूस. सकाळच्या उपासनेला ऊन आत येईल आणि क्रूस थेट वेदीच्या पायरीवर उतरेल. सगळ्या जिल्ह्यात असं चर्च नाही!"

"तुला हे सगळं दिसतं?"

"स्वच्छ दिसतं. एकेक वीट दिसते."

"मग मलाही दाखव."

"दाखवतोच आहे की!"

"हा कागद आहे."

बाबांनी समोरच्या मोकळ्या जागेकडे मान वळवली.

"तिथं दाखव."

जोएल हसला. म्हणाला, "हात्तिच्या! पायाची लाईन तर सोमवारी टाकायचीच होती. उद्याच टाकतो."

शनिवारी त्यानं खुंट्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या आणि दोरीखालून चुन्याची फक्की सोडत गेला. पांढरीशुभ्र रेघ. कोनाकोनांतून टेप दोनदा धरला, बोटभरही फरक नाही. सायमन मिस्त्री काही कुणाचं सहज कौतुक करणारा नाही, पण तोही म्हणाला, "पोरगं कामाचं आहे."

संध्याकाळी बाबांचा निरोप आला. उद्याची उपासना शेडमध्ये नाही, त्या रेघांच्या आत.

रविवारी सकाळी आम्ही सतरंज्या घेऊन गेलो. फक्की वाऱ्यानं लेकराच्या डोळ्यात जाईल म्हणून मी माझ्या रिबकाच्या तोंडावर पदर धरला होता. सात महिन्यांची आहे ती.

रेघेत दक्षिणेला एकच जागा मोकळी सोडलेली. तेच दार. जोएल तिथं उभा राहून सगळ्यांना सांगत होता.

"भिंतीतून कुणी जायचं नाही! दार इकडे आहे!"

शेवंताआत्या पाण्याची कळशी घेऊन मधूनच आत शिरायला निघाल्या.

"आत्या! डोकं फुटलं असतं तुमचं!"

"फुटू दे की. तुझी भिंत पक्की हाय असं तरी लोक म्हणतील!"

सगळे हसले. आत्या मागं फिरल्या आणि वळसा घालून दारातून आल्या. मग पोरंही दारातूनच यायला लागली. जोएलचा चेहरा असा फुललेला, जणू चर्च बांधून झालंय आणि तो पाहुण्यांना आत घेतोय.

सगळ्यांत शेवटी बाबा आले. दाराबाहेर चपला काढल्या. वर चौकट असावी तशी मान थोडी वाकवली आणि आत आले.

सगळे सावरून बसले.

वर आभाळ, चहूकडे नुसती रेघ. पण आम्ही आत बसलो होतो, हे प्रत्येकाला कळत होतं.

उजवीकडे बायका, डावीकडे पुरुष. आम्ही लेकुरवाळ्या सवयीनं पूर्वेच्या कडेला जाऊन बसलो. शेडमध्येही आम्ही त्याच कडेला बसतो. गायन झालं. शास्त्रपाठ झाला. बाबांनी डोळे मिटून प्रार्थना सुरू केली.

आणि रिबका रडायला लागली.

मी थोपटलं. पाणी पाजलं. मांडीवर आडवी घेतली. ती आणखीच ताणून रडायला लागली. दात येतायत की पोटात दुखतंय, मला काही कळेना. मी उठले आणि नेहमीसारखं बाहेर जायला पाऊल उचललं.

आत्यांनी माझा पदर ओढला.

"अगं, भिंत हाय ती! भिंतीतनं भुतं जातात!"

मागच्या बायका खुदखुदल्या. मी दाराकडे पाहिलं. दार लांब, दुसऱ्या टोकाला. मध्ये सगळी मंडळी गुडघ्याला गुडघा लावून बसलेली. वाटेत पेटी, तबला, आणि गुडघे धरून बसलेली म्हातारी माणसं. मी खाली बसले. परत उठले. परत बसले.

बाबांनी प्रार्थना थांबवली.

आता रिबकाशिवाय कुणाचाच आवाज नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते.

दारातून जोएल ओरडला, "ताई, ओलांडा ना! नुसती फक्की आहे ती!"

बाबांनी डोळे उघडले आणि जोएलकडे पाहिलं.

जोएलचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"नाही... म्हणजे... भिंतच आहे. पण ताई..."

तो रेघेच्या बाहेरून वळसा घालत आमच्या बाजूला आला. एकदाही त्यानं रेघ ओलांडली नाही.

"ताई, शेडमध्ये तुम्ही कुठून जाता?"

"पत्रा नाही, तिथून."

"कुठला पत्रा?"

"दोन वर्षांमागं वादळात उडाला तो. कडेचा. आम्ही सगळ्या तिथूनच जातो-येतो."

"मग मला सांगितलं का नाही? नकाशा तुम्हाला पण दाखवला होता!"

आत्या मध्येच बोलल्या.

"तू विचारलंस दारं किती. आम्ही म्हणलो एक. ते काय दार हाय का? ते उडालेल्या पत्र्याचं भोक हाय!"

"मी पाहिलं होतं ते," जोएल हळूच म्हणाला. "शेडचं माप घेताना वहीत लिहिलं होतं. मोडतोड म्हणून..."

तो रेघेसमोर उभा राहिला.

"बाबा, इथं खिडकी आहे."

"हो का."

"आठ फुटांची."

त्यानं हात पसरून रुंदी दाखवली.

"इथूनच ऊन येणार आहे, बाबा. ही काढली तर नकाशात राहिलं काय? चार भिंती!"

रिबका रडतच होती. मी तिला खांद्यावर घेऊन उभी होते. माझ्यामुळे सही राहणार, मशीन परत जाणार, असंच मला वाटायला लागलं. मी म्हणाले, "राहू द्या हो, दादा. मी येत जाईन लेकरू मोठं झाल्यावर."

जोएलनं झटकन माझ्याकडे पाहिलं.

"किती वर्षांनी?"

"आं?"

"मोठं झाल्यावर म्हणजे किती वर्षांनी, ताई?"

मी हिशेब करायला लागले. दोन... तीन. आणि पुढं दुसरं झालं तर...

जोएल खाली वाकला. बुटाच्या नाड्या सोडल्या. मोजे काढले. आणि अनवाणी पायानं त्यानं रेघ पुसायला सुरुवात केली. एक फूट. दोन फूट. चार फूट. तळपाय पांढराफटक झाला. कडेच्या उरलेल्या दोन टोकांवर त्यानं एकेक दगड ठेवला आणि बाजूला झाला.

"या, ताई. दार आहे."

मी बाहेर पडले.

रिबका काही लगेच गप्प झाली नाही. लिंबाखाली जाईपर्यंत रडतच होती. पण माझ्या मागून दुसरी आली. मग तिसरी. जिला गरज होती ती आली, जिला नव्हती तीही आली. बाहेर येऊन परत आत जायला लागल्या. आत्या म्हणाल्या, "सरका गं, मला पण जाऊ द्या एकदा!" नातवंडं केव्हाच मोठी झालीत त्यांची. दारातून गेल्या आणि बाहेर उभ्या राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तबलजीनं कुणी न सांगता ठेका धरला. पेटी सुरू झाली. बाबा उभे राहून गायला लागले, म्हणून सगळी मंडळी उठली. असं गायन आमच्या वस्तीत नाताळालाही झालं नव्हतं. रस्त्यावरून जाणारे थांबून बघत होते, की उघड्या रानात ही माणसं कशावर एवढी खूश झाली आहेत.

जोएल अनवाणीच गात होता. हसतही होता, आणि मनगटानं डोळेही पुसत होता.

उपासना सुटल्यावर त्यानं तिथंच सतरंजीवर नकाशा पसरला. खिडकी खोडली. तिथं दार आखलं. सायमन मिस्त्री वर वाकून बघत होता.

"एक कॉलम दीड फूट सरकेल," जोएल म्हणाला. "हिशेब परत करून दुपारी देतो. चालेल?"

"चालेल काय, पळेल!" मिस्त्री म्हणाला.

दुपारी जोएल नवा नकाशा घेऊन लिंबाखाली आला. वस्ती गोळा झालीच होती. बाबांनी कागद गुडघ्यावर घेतला, पेन मागितला आणि ठळक अक्षरात सही केली. एकच कल्ला उठला. "हालेलुया!" मिस्त्रीनं मशीनवाल्याला फोन लावला, "उद्या सकाळी सातला ये रे, सातला!"

माणसं पांगल्यावर जोएल बाबांच्या पायाशी बसला.

"बाबा, एक विचारू?"

"विचार."

"तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं ना? तिथं दार लागणार म्हणून?"

बाबा धोतराला लागलेली फक्की झटकत होते. झटकून झाल्यावर त्यांनी वर पाहिलं...

"मला कुठं माहीत होतं? मला दिसत नव्हतं, एवढंच."