बबन सापडतो ते पान

“गुरुजी, आता त्या टिंबांचं काम काय उरलंय?”

मल्हारीने हे विचारलं तेव्हा कुलथे गुरुजी सुपारी कातरत होते. अडकित्ता काही थांबला नाही.

गुरुजी, मल्हारी आणि मी, आम्ही तिघंही आंधळे. याच अंधशाळेत गुरुजींनी आम्हा दोघांना बोट धरून ब्रेल शिकवलं. आता ते निवृत्त होऊन शाळेमागच्या खोलीत राहत होते आणि मल्हारी मुख्याध्यापक झाला होता. ब्रेलचा तास बंद करून त्या जागी टायपिंग आणायचं त्याने ठरवलं होतं. गुरुजींनी फक्त हो म्हणायचं होतं. एकट्याने विचारायचा धीर होईना, म्हणून मला ओढून आणलेलं.

त्याने बोलका लॅपटॉप उघडला. लाह्या फुटाव्यात तशी बोटं चालली. यंत्र अक्षरन् अक्षर बोलत होतं, चुकलं की सांगत होतं. मग त्याने एक अख्खा धडा यंत्राकडून भराभर वाचून घेतला.

“चांगलं आहे,” गुरुजी म्हणाले. “पोरांना हे शिकवच.”

मल्हारीला वाटलं, काम फत्ते. मलाही तसंच वाटलं, आणि फार वाईट वाटलं. पाटीत जाड कागद अडकवून सगळा वर्ग टोच्याने टिंबं पाडायचा, तेव्हा कोंबड्या दाणे टिपतायत असं वाटायचं. उजवीकडून डावीकडे टोचायचं, कागद उलटायचा आणि डावीकडून वाचायचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की गुरुजी कान पिळायचे. तो कान अजून मधूनच गरम होतो.

गुरुजी उठले. फळी चाचपून त्यांनी एक जाडजूड पुस्तक मल्हारीच्या मांडीवर ठेवलं. दोरीची शिवण हाताला लागताच तो म्हणाला, “बबन!”

जत्रेत हरवलेल्या बबनची गोष्ट. छापील पुस्तकं आमच्यापर्यंत पोचत नसत, म्हणून गुरुजींनीच ती रचून हाताने टोचली होती. साऱ्या वसतिगृहात मिळून एकच प्रत. तिच्यासाठी आम्ही एकमेकांच्या झिंज्या उपटल्यात.

“बबन सापडतो ते पान काढ.”

मल्हारीने पुस्तक उघडलं ते नेमकं शेवटी, गोष्टीच्या बोधावर. त्याने माझंही बोट तिथे टेकवलं. टिंबं अजून टोचत होती.

“हे तर नवंकोरं राहिलंय,” तो हसला.

“बोधाला शिवला होतात कधी?” गुरुजी म्हणाले.

मग ते पान आलं. मल्हारीचं बोट सरकलं... थांबलं... मागे आलं.

“गुरुजी, हे पान कोरं आहे.”

“नीट बघ.”

“सपाट झालंय सगळं. काही लागत नाही हाताला.”

“वाच.”

...

मग कागदावर बोट घासल्याचा आवाज आला, आणि टिंबं नसतानाही मल्हारी हळूहळू आठवणीतून वाचू लागला.

“आईने बबनला पोटाशी धरलं. म्हणाली, किती उन्हात हिंडलास रे सोन्या... चल, घरी चल...”

मल्हारीला त्याच्या आईने शाळेच्या फाटकाशी सोडलं, तेव्हा त्याचे दुधाचे दातही पडले नव्हते. तो जेवायचा नाही, बोलायचा नाही. पुस्तकात हे पान उघडून कोपऱ्यात बसायचा. त्याच्याकडून ते मी घ्यायचो, माझ्याकडून आणखी कुणीतरी. ‘घरी चल’ पाशी आम्ही सगळेच रेंगाळायचो.

आता तिथेच तो अडला. पुढची ओळ मी म्हटली. मलाही ती धड म्हणता आली नाही.

“गुरुजी,” मल्हारीने नाक पुसलं. “मग तासाचं...”

गुरुजींनी पुस्तक आपल्याकडे घेतलं आणि त्या पानावरून तळवा फिरवला.

“मी हे पुन्हा टोचून ठेवतो. झिजवायला पोरं पाठव.”