जावयाने विहीर मोजली

टाकळवाडीत एक भोळा माणूस होता, मुरार त्याचं नाव. तो टाकळवाडीचा मुलगा आणि बोरखळचा जावई, पण भोळा दोन्ही गावांत सारखाच.

त्याचे सासरे भिवाजी मापारी. गोल वस्तूत किती मावतं हे सांगावं ते भिवाजींनीच. कणगी असो, पिंप असो, नुसती काठी लावून ते आकडा सांगत आणि तो दाण्यानेही चुकत नसे. अशा माणसाच्या लेकीला, सगुणाला, नवरा मिळाला मुरार. घरच्या कणगीत ज्वारी किती बसेल, असं तिने त्याला एकदा विचारलं. मुरारने ज्वारी ओतायला सुरुवात केली. कणगी भरली, सांडली, अंगणभर झाली, शेजारच्या शेळ्या येऊन खाऊन गेल्या. मग तो म्हणाला, बसली तेवढी बसली.

सगुणा माहेरी निघून आली. भिवाजींनी जावयाला निरोप धाडला की इथे या, एक तरी माप बिनचूक करून दाखवा आणि मगच लेक न्या. मुरार त्याच दिवशी हजर झाला. सगुणावाचून त्याला घर खायला उठलं होतं.

भिवाजींनी त्याला समोर बसवून रीत सांगितली. कणगीच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोरी धरायची. ती अर्धी करायची. त्या अर्ध्याला त्यानेच गुणायचं. आलेल्या आकड्याला बावीसने गुणून सातने भागायचं आणि शेवटी उंचीने गुणायचं. कणगी चार हात रुंद, तर अर्धे दोन, दोन दुणे चार. सात हात उंच असली तर शेवटी अठ्ठ्याऐंशी. मुरारने हे सगळं धडाधड पाठ म्हणून दाखवलं. पाठांतरात तो पक्का होता.

पहिलं माप अनुसयाकाकूंच्या कणगीचं. दोरी नव्हती म्हणून काकूंनी म्हशीचं नवं दावं सोडून दिलं. मुरारने ते काठापासून काठापर्यंत धरलं आणि विळ्याने मधोमध कापून अर्धं केलं. तोवर मोकळी म्हैस लसणाच्या वाफ्यात शिरून निम्मा वाफा खाऊन आली.

दुसरा कोणी असता तर भिवाजींनी त्याला फोडून काढला असता. पण जावयाला बोलायचं कसं? त्यांनी त्याला पाटावर बसवलं, पुरणपोळी वाढली आणि तूप ओतता ओतता म्हणाले, "जावईबापू, अर्धं करायचं म्हंजी कापायचं नसतं. दुमडायचं असतं."

मुरारने मान डोलावली. चूक त्याला मनापासून पटली होती.

दुसरं माप रंगाऱ्याच्या पिंपाचं. या वेळी भिवाजींनी स्वतःची मापाची काठी दिली. आज्यापासून चालत आलेली, तेल पाजून काळी झालेली. मुरारने ती पिंपावर आडवी धरली. अर्धं करायची वेळ आली तेव्हा त्याने विळ्याला हातसुद्धा लावला नाही. काठी गुडघ्यावर घेतली आणि दुमडली.

आवाज भिवाजींना घरात ऐकू आला. त्या दिवशी जेवायला शिरा होता. वाढता वाढता ते म्हणाले की काठीचं राहू द्या, झालं ते झालं. यापुढे आत उतरा आणि हाताने मोजा. माप नेहमी आतून घ्यायचं, नाहीतर बाहेरची जाडीही त्यात धरली जाते.

मुरारने मान डोलावली. माप आतून.

तिसरं माप दाजिबाच्या खळ्यावरच्या दगडी रुळाचं. नव्या शेतावर न्यायचा होता, पण गाडीला पेलेल की नाही ते आधी बघायचं होतं. मुरार रुळाभोवती सकाळभर फिरला. दोन्ही टोकांना चाचपून पाहिलं, खाली वाकून पाहिलं. दार कुठेच नव्हतं. मग त्याने पाथरवटाकडून छिन्नी आणि हातोडा आणला. संध्याकाळपर्यंत रुळाची दोन शकलं झाली. दाजिबा धावत आला तेव्हा मुरार कपाळाचा घाम पुसत होता.

"आत पण दगडच हाय," तो म्हणाला. "जागाच ठेवली न्हाई कुणी."

त्या दिवशी पिठलं-भाकरी होती, आणि पिठलं खारट होतं. भिवाजी एकेक शब्द तोलून बोलले. "हे बघा जावईबापू. ज्याच्या आत जाता येत न्हाई, ते भाईरनं मोजायचं. एवढं ध्यानात ठेवा. माझ्यासाठी ठेवा."

मुरारने मान डोलावली. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. आडून सगुणा बघत होती, तिलाही वाईट वाटलं. माणूस वाईट नव्हता हो. सांगितलेलं सगळं ऐकत होता, तीच पंचाईत होती.

चौथ्या दिवशी भिवाजी शेजारच्या गावी मापाला गेले, तीन दिवसांसाठी. जाताना त्यांनी मुरारला सोपंसं काम दिलं. उतारावरच्या गोल विहिरीत पाणी किती, तेवढं सांगा. पाटलांना उन्हाळ्यात केळीला पाणी द्यायचं की नाही, ते ठरवायचं होतं. विहिरीचं काही बिघडण्यासारखं नव्हतं, असं भिवाजींना वाटलं.

विहीर काठोकाठ भरली होती. मुरारने आत डोकावून पाहिलं. त्याला पोहता येत नव्हतं. म्हणजे आत जाता येत नाही. म्हणजे बाहेरून मोजायचं. इतकं स्वच्छ त्याला आयुष्यात कधी सुचलं नव्हतं. फक्त विहिरीच्या बाहेरच्या अंगाला सगळीकडे माती होती, ती तेवढी काढायला हवी.

त्याने वीस गडी जमवले. मापाऱ्याचा जावई सांगतोय म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं म्हणून तेही कामाला लागले. दोन दिवसांत विहिरीभोवती छातीएवढा चर झाला. सगुणा भाकरी घेऊन आली आणि बघतच राहिली.

"अवं, हे काय चाललंय?"

"माप," मुरार म्हणाला. "आता चुकायचं न्हाई मी. तुला न्यायचंय."

तिने भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली. असं त्याने तिला कधी म्हटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी चर सात हात खोल, विहिरीच्या तळापर्यंत गेला; माती ओढून काढायला उताराची बाजू ओढ्यापर्यंत मोकळी केली होती. विहिरीचं दगडी बांधकाम रांजणासारखं उघडं उभं राहिलं. मुरारने माप घेतलं. सहा हात रुंद, अर्धे तीन, तीन त्रिक नऊ. बावीसने गुणून सातने भागलं, सात हात उंचीने गुणलं. एकशे अठ्ठ्याण्णव. हिशेब एकदम बरोबर होता. तो आकडा सांगायला चरातून वर चढला आणि मागे उताराच्या बाजूचा दगड सुटला. मग दुसरा. मग सगळी भिंत. पाणी धो धो करत चरातून ओढ्यात गेलं आणि ओढ्यातून पार पलीकडच्या गावाला.

नेमके तेव्हाच भिवाजी परत आले. सगळा गाव काठावर गोळा झाला होता. भिवाजींनी कसंबसं विचारलं, "जावईबापू, हिरीत पाणी किती?"

मुरारने आत डोकावून पाहिलं. खात्री करण्यासाठी दुसऱ्या बाजूनेही पाहिलं.

"कायबी न्हाई, मामा," तो म्हणाला. "थेंबसुदीक न्हाई."

भिवाजींनी पाहिलं. पाटलांनी पाहिलं. विसाच्या वीस गड्यांनी पाहिलं. माप बिनचूक होतं.

भिवाजी डोक्याला हात लावून खाली बसले आणि म्हणाले की असलं माप धरायचं की नाही, ते आता पंचांनीच सांगावं. पाटलांनी पंचांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"धरलं," ते म्हणाले. "पोरीला आत्ताच्या आत्ता लावून द्या. गावात अजून एक हीर शिल्लक हाय."