वाटणी न झालेले पिंप

ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी लक्षात राहिली आहे, असे छातीठोकपणे सांगवत नाही. नावे बहुधा बरोबर आहेत. बाकी काही इकडेतिकडे झाले असेल. पण उत्तर इटलीतल्या मोंतेसेल्वा गावी, गारावेल्ली घराण्याच्या वायनरीतली रीत कोणालाही पाहता येते. ओकच्या लाकडी पिंपांत मुरणाऱ्या त्यांच्या नावाजलेल्या पांढऱ्या वाइनचा गाळ घरातली दोन माणसे ढवळतात, एक सकाळी, एक संध्याकाळी. आणि त्याविषयी एकमेकांशी चकार शब्द बोलत नाहीत. घरातले वडीलधारे आल्देमारो पाहुण्यांना त्याचे कारण सांगतात.

त्यांच्या पणजीला, एर्मिनियाला, दोन मुलगे होते म्हणे. थोरला ओलिंदो, धाकटा सिल्वेस्त्रो. बाप गेला आणि दोघांनी अबोला धरला. कशावरून, ते आता कोणालाच ठाऊक नाही. मळ्याची वाटणी ठरली. उताराच्या मधोमध भिंत घालायला दगड येऊन पडले, कामही सुरू झाले. नवऱ्याने लावलेल्या वेली अशा तोडलेल्या एर्मिनियाला पाहवेनात.

त्याच हंगामात घोटाळा झाला. ओकचे नवे पिंप तांबड्या वाइनसाठी आणलेले. ओलिंदोने ते धुऊन ठेवले, पण धाकट्याला सांगणार कोण? धाकट्यानेही विचारले नाही. त्यात पांढऱ्या द्राक्षांचा रस ओतून तो मोकळा झाला. पांढरी वाइन ओकमध्ये ठेवायची चाल तेव्हा गावात नव्हती. लाकडाचीच चव लागणार, त्यापेक्षा पलंग पिळून प्या, असे शेजारी म्हणू लागले.

एर्मिनिया चर्चमध्ये गेली, मारियामातेपुढे शपथ घेतली आणि घरी येऊन मुलांना म्हणाली, "दोघांनी मिळून बिघडवलंत, दोघांनी मिळून सांभाळा. ईस्टरला चाखू. चांगली निघाली तर भिंत नाही. वाईट निघाली तर भिंत पुरी करा, मी माझ्या भावाकडे निघून जाईन."

मग हिवाळाभर ती तळघराच्या दारापर्यंत जाई आणि परत फिरे. आपण हात लावायचा नाही, हेही शपथेतच होते.

पिंपाच्या तळचा गाळ दांड्याने ढवळला नाही तर वाइनला घाण वास येतो. धाकटा आळशी, तो कसला ढवळतोय, असे वाटून ओलिंदो सकाळी उतरे. थोरल्याविषयी तेच वाटून सिल्वेस्त्रो संध्याकाळी. दोघांनाही दांडा ओला सापडे, आणि दोघांनाही वाटे, आई येऊन गेली.

ईस्टरला पेले भरले. वाइन सोनेरी, जिभेवर सायीसारखी.

"आई, तू रोज ढवळलीस म्हणून," ओलिंदो म्हणाला.

"मी पायरीसुद्धा उतरले नाही."

थोरल्याने धाकट्याकडे पाहिले. "मग दांडा ओला ठेवणारा तू?"

"नाही, भूत," सिल्वेस्त्रो म्हणाला. "आणि तू तरी पुसून ठेवत होतास का? रोज माझे हात बरबटायचे."

एर्मिनिया उठून स्वयंपाकघरात गेली. डोळे पुसायला की हसायला, याबद्दल घरात अजून मतभेद आहेत.

भिंतीचे काम तिथेच थांबले, असे सांगतात. आजही मळा एकच आहे, आणि आजही ढवळणारे दोघे एकमेकांना विचारत नाहीत.

पाहुण्यांसाठी रचलेली कथा असावी, अशी शंका तेव्हा मनात राहिली होती. बऱ्याच वर्षांनी पुन्हा जाणे झाले, तेव्हा उतार चढून वर जाऊन पाहिले. वेलींच्या ओळींमध्ये गुडघ्याएवढी एक दगडी भिंत सुरू होते, आणि पाच-सहा पावलांवर संपते.