टांगलेला दोर

एका नगरात एक हमरस्ता होता. दोन्ही बाजूंना मिळून त्यावर चाळीस दुकाने होती. लोक म्हणत, या टोकाने रिकाम्या हाताने शिरा आणि त्या टोकाने संसार घेऊन बाहेर पडा.

हे आपोआप झाले नव्हते. घाटातली वाट खुली झाली, तसे नगरात वाटसरू वाढले. वाटसरूला भूक आधी लागते, बाकीचे सगळे नंतर. त्यामुळे जो तो खाणावळ काढायला निघाला. तेव्हा राणीसाहेबांनी दवंडी पिटवली, "हमरस्त्यावर माणसाला लागणारं सगळं मिळालं पाहिजे. म्हणून एका खाणावळीनंतर तीन दुकानं दुसऱ्या मालाची. मगच पुढची खाणावळ." ज्या दुकानात जो माल असेल, त्याचा नमुना दारावर टांगायचा, असेही ठरले. दर महिन्याच्या प्रतिपदेला कोतवाल मान वर करून रस्त्याने चालत आणि मोठ्याने मोजत, "चूल, माल, माल, माल. चूल, माल, माल, माल."

या रस्त्याच्या मध्यावर, विहिरीसमोर, चिमाबाईची खाणावळ होती. चिमाबाई रांधत असे आणि तिची मोठी नणंद सगुणा पाणी भरत असे. दोघींना एकमेकींशिवाय कोणी नव्हते. चिमाबाईच्या हाताला चव होती. तिच्या दारात उन्हातान्हात रांग लागे आणि निम्मे लोक उपाशीच पुढे जात. तिला ते बघवत नसे.

शेजारचे दुकान म्हाताऱ्या धोंडजीचे. तो दोर वळून विकत असे. दोर काही कोणी रोज घेत नाही. धोंडजी दिवसभर दारात बसून ताग वळत राही आणि दिवसाकाठी त्याच्याकडे दोन गिऱ्हाइके येत. एके दिवशी चिमाबाईने जागेच्या मालकाशी बोलून ते दुकान आपल्याकडे घेतले, मधली भिंत पाडली आणि आत दुसरी चूल मांडली. दारावरचा दोर मात्र तसाच ठेवला.

लेकीच्या गावी राहायला जाताना धोंडजीने त्या दोराकडे पाहिले. "चिमाबाई, दोर विकायचा नसेल तर टांगू नकोस. टांगलेला दोर बघून माणूस निर्धास्त होतो."

सगुणालाही ते रुचले नाही. "वहिनी, हे बरं नव्हे. नियम आहे."

"वन्सं, एवढ्या मोठ्या रस्त्यावर एक दोराचं दुकान कमी झालं, तर काय आभाळ कोसळणार आहे? बाकीचे एकोणचाळीस जण नियमानं वागताहेतच की," चिमाबाई म्हणाली. सगुणाने घागर उचलली आणि ती विहिरीवर गेली. आता तिला दुप्पट पाणी लागत होते.

कोतवाल येत. दोर पाहून "माल" म्हणत आणि पुढे जात. पहिल्या वेळी चिमाबाईच्या तळहाताला घाम फुटला होता. चौथ्या वेळेपासून तिने हातातली भाकरीसुद्धा खाली ठेवली नाही. महिन्यातून एकदा ती दोरावरची जाळी झटके आणि त्याला तेलाचा हात लावी, म्हणजे तो नवा दिसे. एखादा दोर मागायला आलाच तर ती म्हणे, "आजच संपला. उद्या या." एकदा समोरचे कापडवाले नारबाशेट एका बाईला अगदी हेच सांगताना तिने ऐकले होते. तिला गंमत वाटली. शेटजींचे कापड चांगलेच खपते म्हणायचे. दोन चुलींपुढे तिला याहून जास्त विचार करायला सवड नव्हती.

अशी दोन वर्षे गेली.

वैशाखातली प्रतिपदा होती. सकाळची वेळ. चिमाबाई पिठात हात घालते तोच बाहेर लाकूड मोडल्याचा मोठा आवाज झाला आणि पाठोपाठ एक किंकाळी. विहिरीवरचा रहाट मोडला होता. रहाट, दोर, घागर आणि सगुणा, सगळेच खाली गेले होते.

विहीर सहा पुरुष खोल. तिला पायऱ्या नव्हत्या. चिमाबाईने वाकून पाहिले. सगुणा गळ्याइतक्या पाण्यात एका कपारीला धरून लोंबकळत होती.

"वहिनी, दोर टाका. हात सुटतोय माझा."

दोर म्हणताच चिमाबाईचा जीव भांड्यात पडला. दोर तर दारावरच होता. तिने तो ओढून काढला. दोन दणकट वाटसरूंनी तो खाली सोडला. सगुणाने तो कमरेला बांधला. ती एक पुरुषभर वर आली, दोन पुरुषभर वर आली, आणि दोर तुटला.

तुटताना आवाजसुद्धा झाला नाही. दोन वर्षे चुलीच्या धुराने आणि उन्हाने तो आतून राख झाला होता. तेल फक्त वरून लागले होते. वाटसरूंच्या हातात काळा भुगा राहिला. खाली पाण्याचा आवाज झाला, मग बराच वेळ काहीच नाही, आणि मग अगदी बारीक आवाजात, "वहिनी."

चिमाबाई धावत समोरच्या दुकानात शिरली. "नारबाशेट, चार ठाणं द्या, पीळ घालून दोर करू." नारबाशेट जागचे हलले नाहीत. तिने स्वतःच फळीवरचे ठाण ओढले. ते पिसासारखे हलके लागले. कापडाचा एकच वेढा होता आणि आत पेंढा. तिने दुसरे ओढले. त्यातही पेंढाच. मागच्या पडद्याआड आमटी रटरटत होती आणि मागच्या दाराने आलेली दहा माणसे पाटांवर जेवत बसली होती.

"मला वाटलं, मी एकटाच," नारबाशेट पुटपुटले.

ती पुढे पळाली. लोहाराच्या दारावर मनगटाएवढी जाड साखळी टांगलेली होती. "आजच सं..." लोहाराच्या तोंडून सवयीने निघाले आणि त्याने जीभ चावली. चिमाबाईने उडी मारून साखळी खाली ओढली. लाकडाच्या कड्या होत्या, वर काजळीचा लेप. भात्याच्या जागी तीन चुली पेटलेल्या आणि लोहाराची बायको भाकऱ्या थापत होती.

"बाई, मला वाटलं, मी एकटाच," लोहार म्हणाला.

बुरुडाच्या दुकानात शिडी उभी होती. खालच्या चार पायऱ्या दिसत होत्या, वर पडदा. चिमाबाईने पडदा फाडला. पडद्यामागे शिडी नव्हतीच. चार पायऱ्यांवरच ती संपली होती. आतून फोडणीचा वास आला.

चिमाबाई भर रस्त्यात उभी राहिली. डोळ्यांसमोर चाळीस दारे होती आणि त्यांतल्या तीस दारांवर माल टांगलेला होता. पण एका माणसाला विहिरीतून वर काढायला त्या सगळ्या रस्त्यावर काही म्हणजे काही नव्हते. तिने मान वर केली. जवळजवळ प्रत्येक छपरातून धूर निघत होता. हा धूर ती रोज पाहत होती. प्रत्येक जण पाहत होता. प्रत्येकाला तो शेजारच्या खाणावळीचा वाटत होता.

एवढ्यात वळणावरून ओळखीचा आवाज आला. "चूल, माल, माल, माल."

"कोतवालसाहेब," चिमाबाई ओरडली, "मोजू नका. माल नाही. कुठंच काही नाही. माझी वन्सं विहिरीत आहे."

कोतवालांनी तिच्या हातातला दोराचा तुकडा पाहिला. नारबाशेटांच्या दारात पडलेला पेंढा पाहिला. लाकडी साखळी पाहिली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. भर रस्त्यात पागोटे उतरवणे म्हणजे अब्रू उतरवणे. पण त्यांनी डोक्यावरचे पागोटे काढले, सोडवले आणि त्याचे टोक वाटसरूच्या हातात दिले.

मग नारबाशेटांनी काढले. मग लोहाराने, मग बुरुडाने. बघता बघता रस्त्यावरची सगळी पागोटी विहिरीच्या काठावर सुटली. तीन तीन पदरांना पीळ पडला, गाठीवर गाठ बसली. या वेळी खाली सोडण्याआधी चौघांनी ती वेणी दोन्हीकडून ताणून पाहिली.

"वन्सं, धरा," चिमाबाई म्हणाली.

सगुणा वर आली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते आणि उजवा हात खांद्यापासून लोंबत होता. तिने भोवतालची माणसे पाहिली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "सगळ्यांची डोकी उघडी का?"

चिमाबाईने तिच्याभोवतीची वेणी सोडवायला घेतली.

धावत आलेले वैद्य सगुणाला घरात घेऊन गेले. कोतवाल तसेच उघड्या डोक्याने रस्त्याच्या टोकाला गेले आणि तिथून परत चालू लागले. या वेळी त्यांची मान वर नव्हती. ते प्रत्येक दाराशी थांबून आत वाकून पाहत होते. विचारत मात्र काहीच नव्हते. चिमाबाईच्या दाराशी ते आले. दोराचा खिळा रिकामा होता.

"चूल," चिमाबाई स्वतःच म्हणाली. "मालाच्या जागी चूल. दोन वर्षं."

समोरून नारबाशेट म्हणाले, "चूल."

"चूल," लोहार म्हणाला.

"चूल," बुरुड म्हणाला.

दारादारातून तोच शब्द येत राहिला. नियमाने दहा दारांत चुली असायला हव्या होत्या. सदतीस दारांत निघाल्या. कोतवाल विहिरीच्या कठड्यावर मटकन बसले.

"दोन वर्षं मी मान वर करून मोजत होतो," ते म्हणाले. "या सत्तावीस चुकांतली पहिली चूक माझी."

चिमाबाईने दुसऱ्या दिवसाची वाट पाहिली नाही. तिने घागरभर पाणी आणले आणि दुसऱ्या चुलीत ओतले. राख तिच्या पायांपर्यंत वाहत आली. मग दोराचा तुटका तुकडा पदरात बांधून ती तीन कोस चालत धोंडजीच्या लेकीच्या गावी गेली. त्याच्यापुढे तिने तो तुकडा ठेवला. घडले ते सगळे सांगितले. म्हाताऱ्याने तो तुकडा बोटांत चोळून पाहिला. "सगुणाचा हात बरा होईल?" एवढेच त्याने विचारले.

"वैद्य म्हणतात, घागर पुन्हा उचलता येणार नाही."

आठ दिवसांनी धोंडजी आपल्या जुन्या दुकानात परत आला. त्याने दारावर नवा दोर टांगला. चिमाबाई पाहतच होती.

"नुसती बघू नकोस," तो म्हणाला. "ओढून बघ."

चिमाबाईने दोन्ही हातांनी दोर धरला आणि दोन्ही पाय उचलून सगळा भार त्यावर टाकला. दोर हलला नाही. ती मात्र तशीच लोंबकळत रडत राहिली. त्या दिवसापासून विहिरीचे पाणी तीच भरू लागली.

तात्पर्य: मी एकट्याने नियम मोडला तर काय बिघडते, असे म्हणणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की शेजारीही त्याच क्षणी तेच म्हणत असतो.