अँटेनाचं टोक

“चाचा, एवढा लांब अँटेना लावलाय, तरी तिचा आवाज का येत नाही?”

मंदार खातूने हे विचारलं तेव्हा चाचा अजून शेवटची पायरी चढत होते. सलाम नाही, बसा नाही, पाणी हवं का नाही. एकदम प्रश्न.

चाचा पायरीवरच टेकले आणि चपलेत अडकलेला खडा झटकू लागले.

चार वाजायला दहा मिनिटं होती.

आमच्या खाडीच्या तोंडाशी पीराची टेकडी आहे. वर छोटा दर्गा, त्याला लागून पत्र्याची एक खोली. त्या खोलीत अब्दुल मजीद मुकादम राहतात. सगळा तालुका त्यांना मुकादमचाचा म्हणतो. तीस वर्षं ते मालवाहू बोटींवर वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्त झाल्यावर मुलगा मुंबईला न्यायला आला, तर त्याला जेवू घालून परत पाठवला आणि स्वतः इथे येऊन दर्ग्याची झाडलोट करू लागले.

आम्हा सात-आठ हौशी रेडिओवाल्यांना त्यांनीच शिकवलं. परीक्षा, परवाना, हवेत कसं बोलायचं, सगळं. त्यांच्या मते मी त्यांचा सर्वांत आळशी शिष्य. मंदार सर्वांत हुशार. तो तंत्रनिकेतनात शिकवतो आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नाही.

रेडिओ म्हणजे हातात मावणारा सेट. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. वर वीतभर रबरी अँटेना असतो. फोनचे टॉवर आडवे झाले तरी हे यंत्र चालतं, कारण दोन सेटच्या मध्ये याला कुणी लागत नाही.

तो रबरी तुकडा मंदारला कमीपणाचा वाटायचा. दिवाळीत त्याने साडेतीन फुटी, दुमडता येणारा नवा अँटेना मागवला. मग महिनाभर आम्हाला दुसरा विषय नव्हता. चाचांनाही त्याने तो दाखवला. त्यांनी हातात घेऊन पाहिला, चांगला आहे म्हणाले आणि परत दिला. मंदारला एवढ्याशा कौतुकाने पोट भरल्यासारखं वाटलं नाही.

जुना सेट त्याने रबरी अँटेनासकट बहिणीला दिला.

नयना त्याची धाकटी बहीण. खाडीपलीकडे सोनभाटीच्या आरोग्य उपकेंद्रात ती नर्स आहे. ती नोकरी सोड, इकडे बदली घे, म्हणून मंदार चार वर्षं तिच्या मागे लागला होता. तिने बदली घेतली नाही. दादाचं मन राखायला रेडिओचा परवाना तेवढा काढला.

परवा वादळ आलं. पूल गेला, टॉवर गेले.

दोघांचं आधीच ठरलेलं होतं. असं काही झालं तर दर तासाला, मोठा काटा बारावर आला की पाच मिनिटं सेट चालू ठेवायचा. नंतर बंद. नयनाने कमीत कमी पॉवरवर बोलायचं, म्हणजे बॅटरी पुरेल; मंदारने पूर्ण पॉवरवर, म्हणजे तिला नक्की ऐकू जाईल. ही आखणी मंदारचीच, आणि चांगली होती.

काल दिवसभर त्याने घराच्या गच्चीवरून हाका मारल्या. आज सकाळपासून टेकडीवरून. मी सोबतीला होतो. चाचा दोन दिवस खाली धक्क्यावर बसून होड्यांचे निरोप सांभाळत होते, ते आत्ता वर आले.

पलीकडून एक अक्षर आलं नव्हतं.

मंदारने नयनाच्या बॅटरीचा हिशोब मला सात वेळा तरी सांगितला असेल. कसाही मांडला तरी चार वाजताची वेळ शेवटचीच निघत होती.

शिवाय भरती होती. इस्माईल तांडेलची होडी साडेचारला सुटणार होती, आजची एकच फेरी. वाटेतल्या वाड्यांवरून आजारी माणसं उचलायची, दिवस मावळायच्या आत परत यायचं. परतीला दोन जागा शिल्लक होत्या. ज्या गावाचा निरोप येईल, त्या गावाच्या.

सोनभाटीचा निरोप नव्हता. तिथे निरोप द्यायला कुणी उरलंय का, हेही माहीत नव्हतं. ते बोलून दाखवायचं मंदारला धाडस नव्हतं, म्हणून तो अँटेनाबद्दल बोलत होता.

जोडणी तपासली, म्हणाला. पेच घट्ट आहे. मीटर लावून पाहिला, सगळं बरोबर दाखवतोय. हाच अँटेना लावून गेल्या महिन्यात तो घाटावरच्या माणसाशी बोलला होता. मग अकरा किलोमीटरवरची सोनभाटी का लागू नये?

चाचा ऐकत होते.

“चार वाजू दे,” एवढंच म्हणाले.

...

चार वाजले.

मंदार कठड्याशी गेला. पलीकडे सोनभाटीची शाळा ठिपक्याएवढी दिसत होती. छप्पर आहे की नाही ते इथून कळत नव्हतं. त्याने सेट तोंडासमोर आडवा धरला, हात जमेल तेवढा पुढे काढला आणि अँटेनाचं टोक नेमकं त्या ठिपक्यावर रोखलं.

“नयना, दादा बोलतोय. ऐकू येतंय का? तुला किती वेळा सांगितलं होतं, वादळाच्या आधी निघ म्हणून. आता तरी ऐक. कुठे आहेस ते सांग, होडीत दोन जागा आहेत. ओव्हर.”

बटण सोडलं. खरखर...

तो कठड्यावर आणखी वाकला, हात आणखी पुढे गेला. टोक ठिपक्यावरून हललं नाही.

“नयना. दादा बोलतोय. ओव्हर.”

खरखर...

एक मिनिट गेलं. घड्याळाकडे मीच बघत होतो. मला कुणाच्या तरी तोंडून काहीही ऐकायचं होतं, शिवी चालली असती.

“मंदार,” चाचा मागून म्हणाले. “हे काय करतोस?”

“तिच्यावर रोखलाय, चाचा. नीट तिच्यावर.”

“कालपासून असाच?”

“कालपासून. एक वेळ चुकवलेली नाही.”

चाचा उठले. वेळ नसलेल्या माणसाच्या मानाने फार सावकाश उठले. त्यांनी येऊन मंदारचं मनगट धरलं. चाचांनी त्याचा हात मागे घेतला, छातीशी आणला, आणि सेट उभा केला. अँटेना आता आभाळाकडे होता. सोनभाटीकडे काहीच रोखलेलं नव्हतं.

“टोकाला ऐकू येत नाही, बाळा.”

“काय?”

“जिकडे रोखशील, तिकडेच तो बहिरा.”

मंदारचा चेहरा पांढरा पडला.

हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवलेलं आहे. अँटेना बोलतो आणि ऐकतो तो अंगाने, चारही बाजूंना. टोकाच्या दिशेला सर्वांत कमी. मंदार हे वर्गात फळ्यावर आकृती काढून शिकवतो, मला तर त्याने दोनदा समजावलंय. रबरी तुकडा चुका पोटात घालायचा, वेडावाकडा धरला तरी थोडंफार ऐकायचा. लांब अँटेना तसं चालवून घेत नाही. आणि घाटावरच्या माणसाशी बोलताना मंदारला त्या माणसाची काळजी नव्हती, म्हणून सेट आपसूक सरळ धरला गेला होता.

दिवसभर मी शेजारी उभा होतो. मलाही काही खटकलं नाही. काळजीत असलेला माणूस बोट दाखवतोच, त्यात बघण्यासारखं काय, असंच मला वाटलं असावं.

मंदारने बटणाकडे अंगठा नेला. चाचांनी तो अंगठा अलगद बाजूला केला.

“थांब थोडा...”

खरखर. मग खरखरीच्या आत काहीतरी. मग आवाज.

“...दादा. कालपासून उत्तर देतेय मी. दर तासाला. तुझं सगळं ऐकू येतंय मला इथे. तूच ऐकत नाहीस.”

मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

“बॅटरी संपत आलीय. नीट ऐक. होडी येणार असेल तर दोन माणसं पाठवायचीत. एक सगुणा टेमकर, काल बाळंत झाली, रक्त थांबत नाही. दुसरे धोंडूतात्या भाटकर, छातीत कळा येतायत. शाळेत आणखी एकोणीस माणसं आहेत. ती बरी आहेत. मी इथे थांबतेय. ओव्हर.”

चाचांनी मान हलवली. आता बोल.

“नयना, तूही निघ,” मंदार म्हणाला. “तू होडीत बस. ऐकतेस ना? बाकीच्यांचं उद्या बघू. तू आधी...”

बोलता बोलता त्याचा हात पुन्हा पुढे सरकत होता. चाचांनी खालून दोन बोटं लावून तो सरळ केला.

बटण सुटलं.

“दादा, जागा दोन...”

पुढे काही नाही. खरखरसुद्धा वेगळी झाली. चार वाजून चार मिनिटं झाली होती.

पाचव्या मिनिटापर्यंत आम्ही तिघे त्या सेटकडे बघत होतो. मग मंदार मटकन खाली बसला आणि दोन दिवसांचं सगळं रडला. त्याचं रडणं ऐकून मला बरं वाटलं. ती जिवंत होती. मी त्याला पाणी दिलं, त्याने ते अंगावर सांडलं आणि उरलेलं प्यायला.

चाचांनी सदऱ्याच्या खिशातून कागद आणि पेन्सिल काढली. बोटीवरची सवय. आलेला निरोप आधी कागदावर उतरवायचा, मग पुढे द्यायचा. इस्माईल खाली धक्क्यावर सेट उघडा ठेवून बसला होता. सोनभाटीतून कुणाला उचलायचं, ती दोन नावं इथून सांगायची होती. एकदा इस्माईल सोनभाटीला टेकला की गलका होणार, हे आम्हाला कालच्या अनुभवाने ठाऊक होतं. कागदावर नाव असेल तो होडीत, बाकीचे काठावर.

मंदारने कागद गुडघ्यावर घेतला. तारीख लिहिली, वेळ लिहिली. सगुणा टेमकर, असं लिहिलं. बाळंतीण, रक्तस्राव.

मग पेन्सिल थांबली.

तो खाडीकडे बघत राहिला. पाणी गढूळ होतं, त्यावरून झाडांच्या फांद्या आणि कुणाच्या तरी घराचा दरवाजा वाहत चालला होता. पश्चिमेला पुन्हा ढग भरत होते.

“दुसरं नाव नीट आलं नाही ना?” त्याने मला हळूच विचारलं. “मध्येच खरखर होती.”

मला ते नाव स्वच्छ ऐकू आलं होतं. आडनावासकट.

मी माझ्या चपलांकडे बघितलं. नयना मलाही भाऊ मानून राखी बांधते. धोंडूतात्यांना मी आयुष्यात दोनदा पाहिलंय, दोन्ही वेळा ते कुणाशी तरी बांधावरून भांडत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

मंदारने भरभर लिहिलं. कागद चाचांकडे दिला आणि सेट उचलला. सांगू का इस्माईलला, असं विचारलं. आवाज घाईचा होता.

चाचांनी चष्मा शोधला. काच सदऱ्याच्या टोकाने पुसली. कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला.

सगुणा टेमकर.

नयना खातू.

चाचा रागावले नाहीत. त्यांनी मंदारकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं. मंदार पाहू शकला नाही.

“ती नर्स आहे, चाचा,” तो म्हणाला. “बाळंतिणीबरोबर कुणीतरी हवंच ना...”

चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला.

“माझी एकच बहीण आहे.”

...

खाली धक्क्यावर इस्माईलचं इंजिन सुरू झालं. सेटमधून त्याचा आवाज आला. सोनभाटीचं काय, असं तो विचारत होता.

चाचांनी कागद परत मंदारच्या गुडघ्यावर ठेवला आणि त्यावर पेन्सिल ठेवली.

“मंदार, तू लिहिलेलं हे दुसरं नाव मला सेटवर ऐकू आलं नव्हतं.”