सीडीवरचे कुंकू

एका तालुक्याच्या गावी मुरलीधर कासार नावाचा दुकानदार होता. तो सीडीवरून सीडी उतरवून देई. त्याच्या संगणकावर लिनक्स ही प्रणाली होती आणि काळ्या पडद्यावर आज्ञा लिहून तो सारे काम करी. हात भारी चपळ, पण धीर मात्र चिमूटभरही नव्हता.

एके दिवशी वत्सलाबाई आल्या. त्यांच्या धाकट्या नातीचे दुसऱ्या दिवशी बारसे होते. पाळणा खरे तर बायका म्हणतात, पण थोरल्या नातीच्या बारशाला त्यांच्या यजमानांनी हौसेने स्वतः म्हटला होता. ते आता नव्हते. त्यांचा आवाज तेवढा या एका सीडीत उरला होता.

"हिची एक नक्कल करून द्या, धाकटीलाही आजोबांचा पाळणा मिळू दे," बाई म्हणाल्या. "संध्याकाळच्या एसटीने निघायचंय."

मुरलीधरने सीडी न बघताच आत सरकवली. थोडी नक्कल झाली आणि यंत्र थांबले. या जागेवरचे वाचता येत नाही, असा निरोप पडद्यावर आला. पुन्हा करून पाहिले, पुन्हा तोच निरोप.

"याची रोजचीच कुरकुर," म्हणत त्याने चुका सोडून पुढे जाण्याची आज्ञा लिहिली. यंत्र बिचारे हुकमाचे ताबेदार. त्याने मुकाट्याने काम संपवले.

बाई म्हणाल्या, "एकदा ऐकवता का? घरचं मशीन बिघडल्यापासून त्यांचा आवाज ऐकलाच नाही."

नवी सीडी लावली. आधी पाहुण्यांचा गलका ऐकू आला. कोणीतरी म्हणाले, "आता आजोबा म्हणणार." आणि पुढे नुसती शांतता.

"गेला का हो आवाज?" बाईंनी विचारले.

तुमची सीडीच खराब, असे म्हणून हात झटकता आले असते. ते शब्द मुरलीधरच्या ओठांवर आलेही होते. पण बाईंचे डोळे भरलेले पाहून त्याला लाज वाटली.

"बाई, यंत्राने मला सांगितलं होतं," तो म्हणाला. "मीच त्याला गप्प बसवलं."

त्याने जुनी सीडी उजेडात धरली. चकचकीत बाजूला कुंकवाचे बोट उमटले होते.

बाई ओशाळल्या. "देव्हाऱ्यात असते ती. देवांना कुंकू लावताना तिलाही लावते."

मुरलीधरने ओल्या मऊ फडक्याने सीडी मधून कडेकडे हलकेच पुसली, कोरडी केली. या वेळी सावकाश वाचण्याची आज्ञा दिली. यंत्र अडखळले, तीच जागा परत परत वाचू लागले. तो धीराने वाट पाहत राहिला.

मग दुकानात पाळणा घुमला. आवाज थोडा बेसूर, पण खणखणीत. बाई तोंडाला पदर लावून शेवटपर्यंत ऐकत राहिल्या.

"फार उपकार झाले तुमचे," त्या म्हणाल्या.

"माझे कसले? उपकार याचे. मी दटावलं, तरी ते खरंच बोललं होतं."

बाईंनी लगेच पिशवीतून कुंकवाची डबी काढली. मुरलीधरने घाईघाईने हात आडवा धरला.

"याला लांबूनच नमस्कार करा, बाई."

दोघांनी यंत्राला हात जोडले.

तात्पर्य: चूक सांगणाऱ्याला गप्प केले, तरी चूक तिथेच राहते, म्हणून त्याचे ऐकावे आणि उपकार मानावेत.