चांदरीनं नाकारलेलं पाणी

फार जुनी गोष्ट. एका नदीकाठी एक राज्य होतं. नदीच्या वरच्या अंगाला राजाचा गोठा, त्यात पाचशे म्हशी. खालच्या अंगाला गाव, आणि गावात एक गवळण. तिची एकच म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदरी. तिच्याच दुधावर गवळणीची चूल पेटायची.

एका वर्षी नदीच्या पाण्यानं गावातली लेकरं आजारी पडली. गवळणीची दीड वर्षाची लेकही जुलाबानं लुळी पडली. आईच ती. पोरीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसायची. बसल्या बसल्या तिच्या मनात आलं, 'अगं बाई, मीसुद्धा गोठ्याची घाण नदीतच लोटते की!'

पोर जरा सावरली तशी तिनं कुदळ घेतली. गोठ्यामागं खड्डा खणला, शेण-मूत त्यात वळवलं, वरचं पाणी केळींना सोडलं. त्या दिवसापासून तिच्या गोठ्यातला थेंबही नदीत गेला नाही.

तरी लेकरं आजारी पडतच राहिली. राजानं हुकूम काढला, "नदीत गोठ्याची घाण जाता कामा नये." हुकूम चांगलाच होता. पण तो कारभाऱ्याच्या हातात पडला. कारभारी थेट गवळणीच्या दारात आला आणि चांदरीचं दावं सोडायला लागला.

"हिला कोंडवाड्यात घाला!"

"अहो कारभारी, आधी मागं येऊन माझा खड्डा तरी बघा!"

"खड्डे बघत हिंडायला मला वेळ नाही. हुकूम म्हणजे हुकूम."

गवळणीच्या अंगाचा तिळपापड झाला. "हुकूम घाणीवर आहे का गरिबावर? वर राजाच्या पाचशे म्हशी. त्यांचं शेण काय आभाळात जातं?"

"तोंड सांभाळ, बाई! पुरावा काय?"

"पुरावा माझी चांदरी देईल. म्हैस लोळायला कुठंही लोळेल, पण घाण पाण्याला तोंड लावणार नाही. महिना झाला, लांबच्या झऱ्याचं पाणी पाजतेय मी तिला. आज सकाळपासून तहानलेली आहे. चला काठाकाठानं वर. माझ्या गोठ्याच्या जरा वर गेल्याबरोबर ती पाणी प्याली, तर घाण माझी. मग खुशाल न्या तिला."

"आता म्हैस न्यायनिवाडा करणार!" कारभारी हसला. पण सगळा गाव जमला होता, नाही म्हणता येईना.

गवळणीच्या गोठ्याच्या वर चांदरीनं पाणी हुंगलं आणि मान फिरवली. धोबीघाटावर फिरवली. देवळाच्या घाटावर मात्र तिनं तोंड खाली नेलं. तहानेनं जीभ बाहेर आली होती बिचारीची. गवळणीला वाटलं, इथं प्याली तर घाण गावाचीच ठरेल, सगळं संपलं!

फुर्रर्र! चांदरी मागं सरली.

शेवटी राजाचा गोठा आला. त्याच्या दगडी गटारातून हिरवट काळा लोट नदीत पडत होता. तो ओलांडून वीस पावलं गेले, तोच चांदरी दावं हिसकून धावली आणि घटाघटा पाणी प्याली.

गर्दीतली एक म्हातारी बोलली, "घ्या! म्हशीला कळलं, कारभाऱ्याला नाही कळलं."

"हा राजवाड्याच्या दुधाचा गोठा आहे," कारभारी पुटपुटला.

गवळणीनं त्या गटारापाशी तांब्या भरला आणि त्याच्यापुढं धरला. "मग घ्या की एक घोट. माझी लेक पोटभर प्यालीय हे."

कारभारी दोन पावलं मागं सरला.

बातमी राजाच्या कानावर गेली. तो आला, गटार बघून खाली मान घालून उभा राहिला. "मग काय, सगळे गोठे मोडू?"

"मोडू नका, महाराज. दूधही लेकरांनाच लागतं आणि पाणीही लेकरांनाच लागतं. खड्डे खणा. एका म्हशीपुरता मी एकटीनं खणला. तुमच्याकडे काय हातांना तोटा आहे?"

पहिला खड्डा राजाच्या गोठ्यामागं खणला गेला, आणि पहिली कुदळ राजानं कारभाऱ्याच्या हातात दिली. मग गावातले गोठे तपासले. ज्यांना खणणं झेपेना, त्यांना राजाची माणसं खणून देऊ लागली.

पुढं एक दिवस चांदरी गावच्या घाटावर उतरली आणि मान न फिरवता पाणी प्याली. तेव्हा कुठं गवळणीनं लेकीच्या ओंजळीत नदीचं पाणी ओतलं.

तात्पर्य: नियम पाण्यासारखा वरून खाली यावा, खालच्याला दटावण्याआधी वरच्यानं आपला गोठा आवरावा.